वाण आणि जस्ताचं काय?

रासायनिक खतानं अन्नाचा कस जातो अन् सेंद्रिय केलं की परत येतो, असं लेखात म्हटलंय. इतकं सोपं नाही जी. अमेरिकेत डेव्हिस नावाच्या संशोधकानं 1950 आणि 1999 च्या 43 भाज्या-फळांच्या नोंदी ताडून पाहिल्या. प्रथिनं, कॅल्शियम, लोह, क जीवनसत्त्व घटलेलं दिसलं, आणि 2004 च्या त्या शोधनिबंधात बोट ठेवलं ते वाणांवर. जास्त उताऱ्याचं वाण निवडत गेले, माल वाढला, पण खनिजं त्या मानानं वाढली नाहीत.

आमच्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या वावरात जस्त असलं तरी पिकाला मिळत नाही. संत्र्याची पानं पाहा: बारीक, शिरा हिरव्या अन् मधात पिवळं. त्यात दरसाल डीएपी, म्हणजे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत; स्फुरद जास्त झालं की जस्ताची उचल आणखी कमी. गव्हावर झिंक सल्फेट, म्हणजे जस्ताचं खत, फवारलं तर दाण्यातलं जस्त वाढतं, आणि तेही रसायनच आहे की! शेणखत पाहिजेच, पण गोठे रिकामे पडलेत, आणायचं कुठून?

अन् ज्वारी गेली, सोयाबीन आलं, ताटात रेशनचा गहू-तांदूळ आला. माझ्या मते खतापेक्षा हा बदल मोठा. त्यावर लेखात एक ओळ नाही.