झडपेची पट्टी किती अंशात?

वारसा समितीवर नेमणूक झाली, अभिनंदन. पेढे नंतर. आधी एक वाक्य पाठ करून टाका: ‘यामुळे परिसराच्या एकूण स्वरूपाला बाधा येते.’ हे वाक्य खिडकीला चालतं, गॅलरीला चालतं, वेळ पडली तर दारातल्या तुळशीवृंदावनालाही चालतं. एकूण स्वरूप म्हणजे नेमकं काय, असं तुम्हाला कुणी विचारणार नाही. अर्जदाराला तेवढा धीर नसतो आणि सहकाऱ्यांना तेवढा वेळ.

वारसा नियमावलीला घाबरायचं कारण नाही. मुंबईत ती १९९५ साली आली, देशातल्या इतर कुठल्याही शहराच्या आधी, आणि चांगली भरभक्कम आहे. वारसा यादीतली इमारत पाडणं तर सोडाच, दुरुस्ती, गिलावा, रंगकाम, सगळ्यालाच आधी परवानगी लागते. परवानगी देणार पालिका आयुक्त, सल्ला देणार समिती. यातली सोय ध्यानात आली का? घर वाचलं तर सल्ला तुमचा होता, आणि पडलं तर परवानगी त्यांची होती. इमारतींच्या श्रेण्या चार: एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन. पहिलीत आतबाहेर जवळजवळ कुठेच हात लावायची सोय नाही, तिसरीत बरीच मोकळीक. खरं कुरण मधलं.

समजा, गिरगावातल्या एखाद्या वाडीतून एका काकूंचा अर्ज आला. लाकडी घर, तळमजला आणि वर एक मजला, बाहेरून जिना, गॅलरी, कौलारू छप्पर. रस्त्याकडच्या खिडकीच्या सागवानी झडपा वाळवीनं पोखरल्यात. काकूंना तशाच दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या झडपा बसवायच्यात, कारण जुनं सागवान परवडत नाही आणि पट्ट्या नीट बसवणारा सुतार मिळत नाही. ‘ॲल्युमिनियम’ हा शब्द आला की डोळे मिटून घ्या आणि एक सुस्कारा सोडा. तुमच्या स्वतःच्या फ्लॅटला स्लायडिंग खिडक्या आहेत, ही बाब इथे गैरलागू.

स्थळपाहणीला मात्र जरूर जा. चारच्या सुमारास जा, चहा होतो. खिशातली किल्ली काढून चौकटीवरचा रंग हलकेच खरवडा. वरचा पिस्ता सुटतो, खाली निळा, त्याखाली पिवळा, मग चॉकलेटी, आणि मग लाकडाचा भुगा. काकू म्हणतील, ‘पिस्ता धाकटीच्या लग्नात मारलेला.’ तिकडे कान देऊ नका. रंगछटांचं शेड कार्ड चौकटीला लावून, मान तिरकी करून विचारा, ‘पण मूळ रंग कुठला?’ तीन सदस्य असले तर तीन रंग निघतात. दोन बैठका सहज निभतात. तेवढ्यात वरून चहाच्या कपात एक थेंब पडला तर कप जरा बाजूला सरकवा. गळती हा आजचा विषय नाही.

‘मूळ’ या शब्दाला मात्र जपून हात घाला, तो उलटतो. काकूंच्या छपरावर मंगलोरी कौलं आहेत. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. घर त्याच्या आधीचं असेल तर त्यावर पहिल्यांदा मंगलोरी कौल चढलं तेव्हा तोही बाह्य बदलच होता, आणि हाताची थापीव कौलं उतरवताना कुण्या पणजोबांनी कुणाकडे अर्जाच्या सहा प्रती सादर केल्या नव्हत्या. असलं कुणी बोललंच तर ‘सुसंवाद’ हा शब्द काढा. नवं बांधकाम जुन्याशी सुसंवादी हवं. फक्त ओव्हल मैदानावर उभं राहून हे बोलू नका. तिथे पूर्वेला विद्यापीठ, उच्च न्यायालय, १८७८ मध्ये पुरा झालेला राजाबाई टॉवर, सगळी टोकदार गॉथिक शिखरं. आणि पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, गोल कोपऱ्यांच्या, आगबोटीसारख्या. तेव्हा तुम्ही समितीवर असता तर पश्चिमेची बाजू अजून मोकळीच असती. युनेस्कोनं २०१८ मध्ये दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारशाचा मान दिला, पण तो निर्णय तुम्हाला विचारून झालेला नाही.

काकूंना आणखी एक विचारा: ‘इतकी वर्षं देखभाल का केली नाही?’ हा प्रश्न फार परिणामकारक आहे. घरातल्या भाडेकरूचं भाडं १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं १९४० च्या पातळीला बांधून ठेवलं. पुढे ते वाढलं असेल, पण त्या वाढीत महिन्याकाठी खिळ्यांचा एक पुडा येतो. काकू हे सांगायला लागल्या की घड्याळ बघा. तुमचा प्रांत घराचं बाहेरचं रूप. आत कोण कसं राहतं ते पाहायला दुसरी खाती आहेत. नसली तर निघतील.

छपरावरच्या निळ्या ताडपत्रीचं काय, असं नवखे सदस्य विचारतात. ती जूनमध्ये चढते आणि पुढच्या जूनमध्ये बदलली जाते. रस्त्यावरून घराचं जेवढं काही दिसतं त्यात सर्वांत ठळक तीच. पण तिच्यासाठी अर्ज आलेला नाही, तेव्हा ती दिसत नाही. वाडीच्या हद्दीपलीकडे चाळीस मजले चढतायत आणि दुपारी दोननंतर काकूंच्या गॅलरीत ऊन येत नाही, तेही असंच. ते तुमच्या नकाशावरच्या ठिपक्यांच्या रेषेबाहेर. सावलीला परवानगी लागत नाही.

काकूंच्या शेजाऱ्याचं प्रकरण वेगळं. त्यानं गणपतीच्या सुट्टीत, एका रात्रीत, जिना तोडून शटर लावलं, वर एसीची दोन खोकी टांगली. कागद एकही नाही. त्याला नोटीस पाठवा, उत्तर येऊ द्या, पुन्हा पाठवा. पुढे कुणीतरी म्हणेलच, ‘आता झालं ते झालं, दंड लावून नियमित करू.’ मान डोलवा. आणि काकूंना कळवा: त्रुटी क्रमांक पाच, झडपेच्या पट्टीचा कोन नकाशात दाखवलेला नाही.

कोनाचा खुलासा येईपर्यंत दोन पावसाळे जातात. गॅलरीला टेकू लागतात, मग एक दिवस भिंतीवर पालिकेचा ‘सी-१’ चा कागद चिकटतो: अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करा. काकू धाकटीकडे विरारला जातात. त्यानंतरच्या बैठकीत तुम्ही मन मोठं करून मंजुरी देऊन टाका. झडपा सागवानीच, पट्ट्या पंचेचाळीस अंशात, रंग चॉकलेटी. पत्र जुन्या पत्त्यावर जातं.

त्या झडपा वाया जात नाहीत, ही चिंता सोडा. घर उतरवणारे चौकटी, कठडे, कंस सगळं वेगळं काढतात आणि माल चोर बाजारात पोचतो. तिथून एखाद्या ‘हेरिटेज’ हॉटेलात. एका ठिकाणी अशाच झडपा मी पाहिल्या, प्रसाधनगृहाच्या दाराला लावलेल्या. वाळवीचं लाकूड बदललंय, रंगही भलताच आहे. बिजागऱ्या मात्र मूळ आहेत. मी किल्लीनं खरवडून पाहिलं, खाली पिस्ता निघाला.