जपान जिंकला असता तर आशिया स्वतंत्र झाला असता? टोकियोचे कागद काय सांगतात

‘दुसऱ्या महायुद्धात जपान जिंकला असता तर सगळा आशिया तेव्हाच स्वतंत्र झाला असता’ हा मजकूर बरेच दिवस फिरतोय. आता तो भाचीने वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उतरवून घेतलाय, म्हणून लिहितोय. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: जपानने ब्रह्मदेश आणि फिलिपाइन्सला स्वातंत्र्य दिलं, इंडोनेशियाला देणारच होता, अंदमान नेताजींच्या हवाली केलं. अत्याचार झाले ते लढाईच्या धामधुमीत. विजयानंतर ते थांबले असते.

‘इंडोनेशियाला देणारच होता’

हे धादांत खोटं आहे. ३१ मे १९४३ रोजी टोकियोत सम्राटासमोर भरलेल्या परिषदेत बृहत्तर पूर्व आशियाबद्दलचं, म्हणजे जपानच्या नेतृत्वाखाली आणायच्या मुलखाबद्दलचं, धोरण मंजूर झालं. त्यातलं कलम असं: मलाया, सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि सेलेबेस (मलाया सोडलं तर ही बहुतेक आजच्या इंडोनेशियातली बेटं) हे साम्राज्याचे प्रदेश ठरवले आहेत, महत्त्वाच्या साधनसंपत्तीचे पुरवठादार म्हणून त्यांचा विकास करायचा. आणि हा निर्णय तूर्त जाहीर करायचा नाही. विजयानंतर काय करायचं हे ठरलेलं होतं, फक्त ज्यांच्याबद्दल ठरलं त्यांना ते कळू द्यायचं नव्हतं. जावामध्ये आदल्याच वर्षी ‘आशियाचा प्रकाश जपान, आशियाचा रक्षक जपान, आशियाचा नेता जपान’ अशी मोहीम राबवून झाली होती.

त्याच वर्षी ५ आणि ६ नोव्हेंबरला टोकियोत बृहत्तर पूर्व आशिया परिषद भरली. इंडोनेशियाला बोलावणंच नव्हतं. तिथले स्वातंत्र्य चळवळीचे नेते सुकार्नो आणि हात्ता यांना परिषद संपल्यावर टोकियोला नेलं, सम्राटाच्या भेटीचा मान दिला, पण स्वातंत्र्याचं आश्वासन दिलं नाही. ‘भविष्यात स्वातंत्र्य देऊ’ ही घोषणा पंतप्रधान कोइसो यांनी केली सप्टेंबर १९४४ मध्ये, म्हणजे जुलैत पॅसिफिकमधलं सायपान बेट हातचं गेल्यावर. युद्ध हरायला लागल्यावर आलेलं हे आश्वासन जिंकल्यावर मिळालं असतं, हे कुठल्या आधारावर म्हणायचं?

‘ब्रह्मदेश आणि फिलिपाइन्सला स्वातंत्र्य दिलं’

जाहीर केलं, हे खरं. १ ऑगस्ट १९४३ ला ब्रह्मदेश, १४ ऑक्टोबरला फिलिपाइन्स. दोन्ही ठिकाणी त्याच दिवशी जपानशी युतीचा करार झाला. ब्रह्मदेशात जोडीला गुप्त लष्करी करारही होता, आणि त्याने जपानी सैन्याला देशभर हवं ते करायची मोकळीक दिली. त्याच ऑगस्टमध्ये जपानने थायलंडशी करार करून केंगतुंग आणि मोंगपान ही ब्रह्मदेशातली शान संस्थानं थायलंडला देऊन टाकली. ब्रह्मदेशातलं बा मॉ यांचं सरकार तेव्हा स्वतंत्र म्हणवलं जात होतं.

खरी सत्ता कुणाच्या हातात होती हे नोटांवरून कळतं. ब्रह्मदेशात जपानी लष्कराने आणलेल्या रुपयाच्या नोटांवर इंग्रजीत ‘जपानी सरकार’ छापलेलं असे. अनुक्रमांक नाही, ‘बी’ने सुरू होणारा अक्षरांचा गट, कारण मुलूख बर्मा. मलायाच्या नोटांना ‘एम’, फिलिपाइन्सच्या नोटांना ‘पी’. मागे सोनं नाही, राखीव निधी नाही. पद्धत सोपी होती: सैन्याला तांदूळ, बैल, लाकूड, मजूर हवे असले की नोटा छापायच्या आणि माल उचलायचा. बदल्यात जपानकडून कापड, औषधं, सुटे भाग यायला हवे होते. पण द्यायला माल कमी आणि न्यायला जहाजं त्याहून कमी. बाजारातला माल घटत गेला, नोटा वाढत गेल्या, भाव आभाळाला भिडले. ‘स्वातंत्र्य’ मिळाल्यावर हे थांबलं का? १९४४ मध्ये ब्रह्मदेशासाठी शंभर रुपयांची नवी नोट निघाली. तिच्यावरही ‘जपानी सरकार’च आहे.

ही कुणा उर्मट सेनापतीची मनमानी नव्हती. युद्ध सुरू होण्याआधीच, २० नोव्हेंबर १९४१ ला, टोकियोने दक्षिणेकडच्या व्याप्त प्रदेशांसाठी तीन उद्दिष्टं ठरवली होती: सुव्यवस्था, संरक्षणासाठी लागणारी साधनसंपत्ती लवकरात लवकर मिळवणं, आणि सैन्याने तिथल्या तिथेच आपलं पोट भरणं. यातून स्थानिकांच्या जगण्यावर ताण आला तर त्यांनी तो सोसावा आणि स्वातंत्र्य चळवळींना अकाली उत्तेजन देऊ नये, हेही त्यातच लिहिलंय. पुढे नोव्हेंबर १९४२ मध्ये या देशांचा कारभार पाहायला वेगळं मंत्रालय निघालं. परराष्ट्रमंत्री तोगो यांनी विरोध केला आणि राजीनामा दिला. या देशांना इतर परराष्ट्रांसारखं वागवायचं नाही, हे त्यांना दिसत होतं.

थायलंड तर कधी वसाहत नव्हता, वर जपानच्याच बाजूचा. तरीही १९४२ मध्ये दीड येनाहून जास्त किमतीचा बात (थाई चलन) एका येनावर आणून ठेवला. जपानला थाई तांदूळ एका फटक्यात स्वस्त झाला.

‘अत्याचार फक्त लढाईपुरते’

मग जिथे लढाई नव्हती तिथलं बघा. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. तीस वर्षांनी, १९४० मध्ये, तिथल्या लोकांना जपानी नावं घ्यायला लावली जात होती. मांचुकुओमध्ये, म्हणजे जपानने चीनच्या मांचुरियात उभ्या केलेल्या राज्यात, सम्राट पूयी, मंत्री स्थानिक, पण उपमंत्री आणि सामान्य कारभार विभागाचा प्रमुख जपानी, आणि त्यांच्यावर तिथली जपानी फौज, क्वांतुंग सेना. १९३६ च्या योजनेत तिथे २० वर्षांत १० लाख जपानी कुटुंबं वसवायची होती. जमिनी चिनी शेतकऱ्यांकडून कवडीमोलाने घेतल्या गेल्या. १९४३ मध्ये जपानच्या आरोग्य आणि कल्याण मंत्रालयातल्या संशोधकांनी तीन हजारांहून अधिक पानांचा अहवाल तयार केला. त्यात १९५० पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख जपानी बाहेरच्या मुलखात कायमचे वसवण्याचा हिशेब आहे आणि यामातो (म्हणजे जपानी) वंश नेतृत्वस्थानी आहे. सुटका करायला आलेला माणूस वसाहतींचे आकडे कशाला मांडेल?

‘अंदमान नेताजींना दिलं’

या मुद्द्याचा सगळ्यात जास्त राग येतो, कारण तिथे आपली माणसं मेली. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, हे खरं आणि अभिमानाचं. पण पोलीस खातं जपान्यांनी सोडलं नाही. आझाद हिंदचे प्रशासक लोगनाथन यांच्या हातात शिक्षण खात्यापलीकडे फारसं काही आलं नाही. नेताजी तिथे होते तेव्हा तिथल्याच इंडियन इंडिपेंडन्स लीगचे (परदेशातल्या भारतीयांच्या स्वातंत्र्य संघटनेचे) डॉ. दिवाणसिंग सेल्युलर जेलमध्ये जपान्यांच्या कोठडीत छळ सोसत होते. १४ जानेवारी १९४४ ला त्यांचा मृत्यू झाला. ३० जानेवारीला हंफ्रेगंज इथे ४४ भारतीयांना हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घातल्या. तिरंगा फडकून एक महिना झाला होता. यात नेताजींचा दोष नाही. त्यांना खरी परिस्थिती बघूच दिली नाही.

भारताला स्वातंत्र्याची लेखी हमी द्या, हे तर १९४२ मध्येच मागून झालं होतं. याच लीगच्या बँकॉक परिषदेच्या ठरावांना जपानने स्पष्ट होकार दिला नाही. पहिल्या आझाद हिंद सेनेचे मोहनसिंग अडून बसले, तेव्हा डिसेंबरमध्ये जपान्यांनी त्यांनाच अटक केली.

एक गोष्ट मान्य करावी लागते. सिंगापूर पडलं आणि गोरा साहेब अजिंक्य आहे हा समज कायमचा गेला. जपानने जावा आणि ब्रह्मदेशात स्थानिक फौजा उभ्या केल्या, त्या पुढे त्या देशांच्या कामी आल्या. पण त्यांनी पहिल्या बंदुका कुणावर रोखल्या? फेब्रुवारी १९४५ मध्ये जावातल्या ब्लितार इथली तुकडी जपान्यांवर उलटली. २७ मार्च १९४५ ला ब्रह्मदेशात आंग सान यांची फौज जपानी सैन्यावर तुटून पडली. ब्रह्मदेश तेव्हा कागदावर दीड वर्षाहून जास्त काळ स्वतंत्र होता.