‘उसने विचार’ म्हणणाऱ्या काकांना

काका, (काका म्हणतोय कारण तुम्ही नाव टाकलेलं नाही, नुसतं ‘एक सांगलीकर’ एवढंच आहे आणि शेवटी ‘बाळा’ म्हटलंय, म्हणजे वयाने मोठे असणार असं धरून चालतो. माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसत असाल तर उद्या भेटून तोंडावर सांग, चहा तुझ्याकडून.)

तुमची कमेंट चार-पाच वेळा वाचली. पहिल्यांदा एसटीत उभ्या उभ्या वाचली तेव्हा लगेच एक उत्तर टाईप केलं होतं, ते विश्रामबाग यायच्या आत पुसलं, बरं झालं पुसलं. आता घरी बसून शांतपणे लिहितोय. शांतपणे म्हणजे जमेल तेवढं.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. मागच्या आठवड्यात भगतसिंगांचा ‘मी नास्तिक का आहे’ हा लेख वाचून देव, २०१९ चा पूर, गाझा आणि हे तापत चाललेलं जग असं जे जे डोक्यात आलं ते मी लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं की लेखाचं साल चुकलंय, पुराचं खापर हवामान बदलावर फोडताना कर्नाटकातलं अलमट्टी धरण आणि पूररेषेतली बांधकामं सोयीस्कर विसरलास, गाझावर दोन पॅरे आणि सांगलीशेजारच्या अंकली गावावर एक ओळ नाही, देव मानत नाही म्हणतोस आणि संकष्टीला गणपती मंदिरात हात जोडून उभा होतास ते आम्ही पाहिलंय. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘बाळा, हे विचार तुझे नाहीत, उसने आहेत, चार पुस्तकं वाचून आलेला माज आहे.’

सालाचं तुमचं बरोबर आहे. सरळ मान्य. लेख ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिला गेला आणि छापून आला सप्टेंबर १९३१ ला, म्हणजे २३ मार्चच्या फाशीनंतर सहा महिन्यांनी. मी छापल्याची तारीख लिहिल्याची म्हणून टाकली होती. ‘फाशीनंतर सहा महिन्यांनी लेख लिहिला म्हणजे तुझ्या लेखात पुनर्जन्म पण आला की’ हा तुमचा टोमणा भारी होता, मी पण हसलो. दुरुस्त केलंय, आभारी आहे.

आता त्या ‘बाळा’चं बघू. लोक म्हणतील एका शब्दावर काय अडून बसलास, पण काका, बाळा म्हटल्यावर पुढे काय येतं हे मला आता पाठ झालंय. ‘बाळा, फॉर्मची तारीख काल संपली.’ ‘बाळा, साहेब जेवायला गेलेत.’ तुम्हाला माझं म्हणणं खोडायचं असेल तर खोडा ना, माझं वय कशाला खोडताय? मी एकोणीस वर्षांचा आहे, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, हे मी लपवलेलं नाही, प्रोफाईलवर लिहिलंय. भगतसिंगांनी तो लेख लिहिला तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. मी भगतसिंग नाही हे मला कळतं, ती कमेंट करायची तसदी घेऊ नका. फक्त एवढंच की तुमच्या हिशोबाने तेव्हाही कुणीतरी लाहोरच्या कोठडीत जाऊन ‘बाळा’ म्हणायला हवं होतं.

आणि गंमत म्हणजे म्हटलंच होतं! तो लेख सुरूच तिथून होतो. बरोबरचे लोक म्हणायला लागले की हा देव मानत नाही तो गर्वामुळे, नाव झालं म्हणून डोक्यात हवा गेली, आणि त्याला उत्तर म्हणून त्यांनी तो अख्खा लेख लिहिला. तुमचा ‘माज’ हा शब्द म्हणजे तोच आरोप, नव्वदच्या वर वर्षं होऊन गेली तरी अजून चालतोय. तुम्ही लेख वाचलाय का हा माझा साधा प्रश्न आहे. साल तपासलंत, लेख पण वाचून टाकायचा होता, फार मोठा नाहीये.

‘उसने’ वर मात्र मला नीट बोलायचंय. हे वाक्य मला लागलं, खोटं कशाला बोलू. रात्री जेवताना पण तेच डोक्यात होतं, आईने दोनदा विचारलं आमटी वाढू का.

आमच्या गल्लीत विरजण उसनं आणतात. घरातलं दही संपलं की मला वाटी घेऊन शेजारच्या काकूंकडे पाठवतात, त्या चमचाभर देतात, ते आपल्या दुधात घालायचं, रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी जे दही लागतं ते कुणाचं? काकूंचं? आजपर्यंत काकू दही मागायला आलेल्या नाहीत. मी लेखात लिहिलं होतं की हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते आणि मग पाऊस पडतो तेव्हा तुटून पडतो, हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही, क्लॉसियस आणि क्लॅपेरॉन अशा दोन माणसांचं समीकरण आहे, एक जर्मन एक फ्रेंच, कॉलेजात शिकवलं. म्हणजे हे पण उसनंच. पॅरिसला डिसेंबर २०१५ मध्ये ठरलेला तो तापमानवाढीच्या मर्यादेचा दीड अंशाचा आकडा, तोही उसना. तुमच्या कमेंटमधलं अलमट्टीचं पाणीसुद्धा तुम्ही टेप घेऊन मोजायला गेला नसाल ना? भगतसिंगांनी स्वतः लिहिलंय की त्यांनी अराजकवादी बाकुनिन वाचला, मार्क्स थोडा, लेनिन बराच. आणि त्याआधी लाहोरला बोर्डिंगात असताना तासन्‌तास गायत्री मंत्र म्हणायचे हे पण त्यांनीच लिहिलंय. मंत्र घरच्यांकडून आला, शंका पुस्तकांतून आली. मग दोन्ही उसने म्हणा! मंत्र म्हणणाऱ्या पोराला कुणी ‘हे तुझं नाही, उसनं आहे’ असं म्हणत नाही, ते फक्त शंका घेणाऱ्याला ऐकावं लागतं.

पण खरं सांगू का, माझी शंका भगतसिंगांकडून आलेलीच नाही. ती कुठून आली ते सांगतो, मग ठरवा उसनी की काय.

२०१९ च्या ऑगस्टात मी तेरा वर्षांचा होतो. आमचं घर गावभागात, तळमजला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका ४५, हे आकडे सांगलीतल्या पोरांना पाढ्यांबरोबर येतात, आणि त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं. गल्लीत पाणी शिरलं तेव्हा पप्पा आणि चुलते गॅसची टाकी आणि धान्य माळ्यावर टाकत होते, आणि आजी देव्हाऱ्यासमोर बसून पितळी डब्यात देव भरत होती. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, सगळे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून. मी माझं दप्तर आणि शाळेच्या लायब्ररीची दोन पुस्तकं धरून रडायला लागलो होतो, कारण भिजली तर भरून द्यावी लागणार. आजीनं डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि देव बाहेर काढून पदरात घेतले. ‘त्यात घाल तुजी पुस्तकं. देव पितळंचा हाय, भिजला म्हणून काय मरतोय व्हय? कागुद मरतोय.’ आणि पदराला गाठ मारून ती बोटीत बसली, मांडीवर देवांचं गाठोडं, आणि मी डबा धरून.

ती दोन पुस्तकं पाण्यातून वाचली. बाकीची, घरातली, नाही वाचली. दहा-बारा दिवसांनी परत आलो तेव्हा कपाट उघडेना, आतली पुस्तकं फुगून एकमेकांत गच्च बसली होती. स्टीलच्या पट्टीने पानं सोडवायला बघायचो, तर पान यायचं नाही, नुसता लगदा पट्टीला चिकटून यायचा. तो गाळाचा वास अजून येतो मला, कधीकधी नवीन पुस्तक उघडलं तरी येतो. नगर वाचनालयातली कितीतरी जुनी पुस्तकं त्याच पाण्यात गेली. आमच्या भिंतीवरची पाण्याची रेघ दोनदा रंग मारून गेली नाही, तिथे आता कॅलेंडर लावलंय.

तेव्हाच आमच्या जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावचं कळलं होतं. ८ ऑगस्टला, पूरग्रस्तांना बाहेर काढताना बोट उलटली. बायका, लहान पोरं. मी आजीला विचारलं की देव होता तर ती बोट का उलटली, आपली का नाही? आजी रोज पूजा करणारी बाई, मला वाटलं रागवेल नाहीतर नशीब, कर्म असं काहीतरी सांगेल. ती गादीचा ओला कापूस पिळत होती. म्हणाली, ‘मलाबी म्हाईत न्हाई बाबा. त्या उशा उन्हात टाक.’

बस, एवढंच. माझी शंका तिथली आहे काका. भगतसिंग म्हणजे तेव्हा मला शाळेत टोपी घातलेला फोटो एवढंच माहीत होतं. त्यांचा लेख सहा वर्षांनी हातात आला, कॉलेजच्या लायब्ररीतली पाठीला चिकटपट्टी लावलेली प्रत, आणि वाचताना वाटलं की अरे हे आपण उशा वाळत टाकताना विचारलं होतं. मग आता सांगा, कुणी कुणाकडून उसनं घेतलं? तुम्ही त्या ऑगस्टात कुठे होता हे मी विचारणार नाही. मोठ्या माणसाला असं विचारू नये. पण कमेंटमध्ये पूर हा शब्द तुम्ही ज्या सराईतपणे वापरलाय त्यावरून वाटलं की पाणी तुमच्या जिन्यापर्यंत पण आलं नसावं. चूक असेल तर माफ करा.

राहिलेले मुद्दे. अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटर आहे, कर्नाटकला ती ५२४.२५६ करायची आहे, त्या पुराची कारणं शोधणाऱ्या वडनेरे समितीने अलमट्टीला सरळ दोषी धरलेलं नाही आणि आपल्याकडे ते बऱ्याच जणांना पटलेलं नाही, हे सगळं मला माहितीये, सांगलीत राहून हे माहीत नसायला मी काय मंगळावर राहतो का? पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, बघू. पूररेषेतल्या बांधकामांचं म्हणाल तर आमचंच घर निळ्या रेषेच्या, म्हणजे ज्या पूररेषेत बांधकामाला बंदी असते तिच्या आत आहे आणि मागची खोली नंतर काढलेली आहे, आणि तुम्ही इतके ओळखीचे असाल की मी संकष्टीला कुठे उभा असतो ते तुम्हाला दिसतं, तर हे पण तुम्हाला माहीत असणार. म्हणून मुद्दाम लिहिलंत का? असो. त्यावर मी इथे बोलणार नाही, तो पप्पांचा विषय आहे. अंकलीवर लिहीन, लिस्टमध्ये आहे.

मंदिराचं खरं आहे, दिसलो असेन. आजीचे गुडघे गेलेत, घाटाकडच्या पायऱ्या तिला एकटीला होत नाहीत, म्हणून दर संकष्टीला मी तिला घेऊन जातो. एका हाताने तिला धरायचं, दुसऱ्या हातात तिची पिशवी, त्यात दुर्वा, नारळ आणि चष्म्याचं घर. हात जोडले होते का? तिने पिशवी परत घेतल्यावर हात मोकळे झाले असतील, जोडले असतील. मला आठवत नाही. पुढच्या संकष्टीला परत असेन तिथे, आरतीच्या आधी, चपलांच्या रॅकजवळ. आलात तर लांबून बघत बसू नका, हाक मारा, आजीला पण ओळख करून देतो. तिला फक्त तेवढं ‘माज’चं सांगू नका, ती तुमच्यासारखं कमेंटमध्ये लिहीत नाही, तोंडावर बोलते.