‘प्रत्येक शॉटला रिगची नवी कॉपी’ हा सल्ला नव्या मुलांना महागात पडतो

रिग म्हणजे थ्रीडी पात्र हलवण्यासाठी त्याच्यात बसवलेला हाडांचा सांगाडा आणि त्याचे कंट्रोल. त्याबद्दल थ्रीडी अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: ‘रिग तयार झाला की फाइलची कॉपी काढा आणि शॉट त्यातच करा. लिंकिंग मोठ्या स्टुडिओंसाठी असतं. लिंक केलेला रिग हलत नाही, फोल्डर बदललं की सगळं तुटतं, शिवाय पास झालेला शॉट मागाहून बदलतो. रिग कायमचा जपायचा तर एफबीएक्स करून ठेवा.’ (लिंकिंग म्हणजे कॉपी न काढता मूळ फाइलमधला रिग शॉटच्या फाइलला जोडणं; एफबीएक्स म्हणजे थ्रीडी पात्र एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा फाइल प्रकार.) सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण यापायी मुलांची आठवडेच्या आठवडे मेहनत वाया जाते. म्हणून एकेक मुद्दा घेतो. उदाहरणं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरची आहेत, कारण ते फुकट आहे आणि शिकणाऱ्यांकडे बहुधा तेच असतं.

आधी कॉपीचं बघू. समजा, एखाद्या मालिकेतल्या आजीचा रिग तुम्ही केलात. ४० शॉट, म्हणजे ४० कॉपी. फाइल ३०० एमबीची असेल तर १२ जीबी जागा गेली, पण तेही सोडून द्या. खरी अडचण पंचविसाव्या शॉटला येते. आजी पदर सावरायला हात वर नेते आणि काखेतला मेश, म्हणजे पात्राचा पृष्ठभाग, आत ओढला जातो, कारण खांद्याचे वेट (कोणतं हाड पृष्ठभागाचा कोणता भाग किती ओढतं ते) चुकलेले आहेत. आता ही दुरुस्ती ४० ठिकाणी करायची. बहुतेक जण कॅमेऱ्याचा कोन बदलून चूक लपवतात, आणि रिगमधल्या चुकीपायी चांगला शॉट बिघडतो.

लिंक केलं असतं तर मेश, वेट आणि मटेरियल एकाच मूळ फाइलमध्ये राहिले असते. शॉटच्या फाइलमध्ये फक्त पोझ आणि कीफ्रेम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती पोझ याच्या नोंदी. मूळ फाइलमध्ये वेट सुधारा, सेव्ह करा, शॉट पुन्हा उघडा, काख नीट झालेली दिसेल. माया या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेफरन्सिंग याच तत्त्वावर चालतं. यात मोठ्या स्टुडिओचा संबंध कुठे आला? उलट एकट्याने काम करणाऱ्याला याची गरज जास्त, कारण ४० फाइल उघडायला त्याच्याकडे दुसरं कोणी नसतं.

अपेंड, म्हणजे दुसऱ्या फाइलमधला रिग आपल्या फाइलमध्ये उतरवून घेणं, हीही कॉपीच. ती एका दमात होते एवढंच.

‘लिंक केलेला रिग हलत नाही’ हे अर्धं खरं आहे. रिगचं कलेक्शन (एकत्र ठेवलेल्या वस्तूंचा गट) लिंक केलं की ते नुसतं एका एम्प्टीवर, म्हणजे रिकाम्या खुणेवर, लटकतं आणि हाडं हलवायचा पोझ मोड मिळत नाही. इथेच मुलं हात टेकतात. पण ऑब्जेक्ट मेनूतल्या लायब्ररी ओव्हरराइडमधून ‘मेक’ केलं की आर्मेचर, म्हणजे हाडांचा सांगाडा, निवडून पोझ देता येते. पूर्वी यासाठी प्रॉक्सी ही जुनी सोय वापरायचे आणि ते खरोखर कटकटीचं होतं. ओव्हरराइडही सुरुवातीला रुसायचे. आजही रिगची रचना खूप बदलली तर कधीकधी हाताने रीसिंक करावं, म्हणजे मूळ फाइलशी पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. तरी आज ही पद्धत टाळण्याइतकी त्रासदायक नक्कीच नाही.

लिंक तुटण्याची कारणं मुख्यतः दोन, आणि दोन्ही आपल्या हातात आहेत. पहिलं पाथचं, म्हणजे फाइलच्या पत्त्याचं. पाथ रिलेटिव्ह (शॉटच्या फाइलपासून मोजलेला) ठेवा आणि रिग व शॉट एकाच प्रोजेक्ट फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे अख्खं फोल्डर दुसऱ्या मशीनवर नेलं तरी चालतं. विंडोजवर रिग एका ड्राइव्हवर आणि शॉट दुसऱ्यावर असेल तर रिलेटिव्ह पाथ बनतच नाही, हे लक्षात ठेवा. दुसरं कारण बोनच्या, म्हणजे रिगमधल्या हाडांच्या, नावांचं. कीफ्रेम बोनला जोडलेल्या असतात त्या त्याच्या नावाने. अ‍ॅनिमेशन सुरू झाल्यावर मूळ फाइलमध्ये ‘हँड.एल’चं ‘हात.एल’ केलंत, तर शॉटमधल्या त्या चॅनलखाली (त्या हाडाच्या हालचालीच्या नोंदीखाली) लाल रेघ दिसेल आणि हात जागच्या जागी थिजेल. नावं आधी पक्की करा, मग रिग वापरायला द्या.

पास झालेला शॉट बदलतो, हा आक्षेप मात्र मला सगळ्यात वजनदार वाटतो. दिग्दर्शकाने पसंत केलेल्या शॉटमध्ये आजीचा गाल महिन्याभराने वेगळा दिसला तर कोणीही चिडेल. पण त्यावर उपाय कॉपी नाही. किरकोळ दुरुस्ती असेल तर त्याच फाइलमध्ये करा. दिसणं बदलणार असेल तर रिग नव्या नावाने सेव्ह करा, ‘आजी_रिग_०२’. जुने शॉट ०१ वरच राहतील. ज्या शॉटला नवा रिग हवा, तिथे आउटलायनरच्या ब्लेंडर फाइल व्ह्यूमध्ये त्या लायब्ररीवर राइट क्लिक करून ‘रीलोकेट’ करायचं, म्हणजे लिंक नव्या फाइलकडे वळवायची.

एकच शॉट करायचा असेल, किंवा एकच फाइल दुसऱ्याकडे द्यायची असेल, तर खुशाल अपेंड करा. तिथे लिंकिंगचा आग्रह मीही धरणार नाही.

राहिलं एफबीएक्स. ब्लेंडरमधून काढलेल्या एफबीएक्समध्ये बोन, वेट, शेप की (पृष्ठभागाचे साठवलेले आकार) आणि बेक झालेली, म्हणजे फ्रेमगणिक नोंदलेली, हालचाल जाते. आयके (टोक ओढलं की मधला सांधा आपोआप वाकवणारी सोय) आणि बाकीचे कन्स्ट्रेंट म्हणजे हाडांवरची बंधनं, ड्रायव्हर (एका गोष्टीने दुसरी आपोआप चालवणारे दुवे), कंट्रोलरचे आकार जात नाहीत. कोपर वाकल्यावर फुगवटा आणणारा शेप की पोचतो, पण त्याला चालवणारा ड्रायव्हर मागेच राहतो. तीच फाइल परत ब्लेंडरमध्ये आणून पाहा: पाय ओढला तर गुडघा वाकणार नाही, आणि एक्स्पोर्ट करताना लीफ बोनचा (टोकाला जादा हाड जोडण्याचा) पर्याय बंद केला नसेल तर बोटांच्या टोकांना जादा बोन चिकटलेले असतील. गेम इंजिनला पात्र द्यायला एफबीएक्स उत्तम, रिग जपायला नाही. त्यासाठी मूळ ब्लेंड फाइलच ठेवा, सगळा रिग एका कलेक्शनमध्ये, टेक्स्चर (पृष्ठभागावरची चित्रं) त्याच फाइलमध्ये पॅक केलेले, आणि एक बॅकअप दुसऱ्या डिस्कवर. एफबीएक्स तिच्यातून हवं तेव्हा काढता येतं.