फुफ्फुसात अडकलेली गुठळी दर वेळी रक्ताचीच नसते

‘फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकते ती रक्ताचीच गुठळी, रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी ती जाते’ असा मेसेज फिरतोय. बहुतेकदा ते खरं असतं, नेहमी नाही. मूत्रपिंडाचा कॅन्सर शिरेतून वर सरकत महाशिरेत, कधी हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोचतो. तिथून तुकडा सुटला तर फुफ्फुसात अडकतो तो कॅन्सरच. जठराच्या कॅन्सरच्या पेशी कधी इतक्या बारीक वाहिन्या बुजवतात, की सीटी स्कॅनमध्ये मोठ्या वाहिन्या मोकळ्या दिसतात आणि माणूस मात्र चार पायऱ्यांत धापा टाकतो. फुफ्फुसाच्या धमनीतच उगवणारा सार्कोमा हा कॅन्सरही स्कॅनवर गुठळीसारखाच दिसतो. हे दुर्मीळ आहे, म्हणून चालू गोळ्या मनाने मुळीच बंद करू नका. पण त्या नीट घेऊनही दम वाढतोय? डॉक्टरांना पुन्हा दाखवा.