छतावरच्या दृश्यातले चौकोन आमचे, चेहऱ्यांवरचा ग्रेन फिल्मचा

नमस्कार,

आमच्या ब्ल्यू-रे डिस्कला तुम्ही दोन तारे दिलेत आणि कारणंही नीट मांडलीत. चेहऱ्यांवर सतत वळवळणारे ठिपके, फोनच्या दृश्यात अचानक गढूळ होणारं चित्र, छतावरच्या रात्रीच्या दृश्यात काळोखात दिसणारे चौकोन, स्टेशनवरच्या निरोपात बदलणारे रंग, वर-खाली काळ्या पट्ट्या, शिवाय जुन्या डीव्हीडीपेक्षा चार मिनिटं जास्त लांबी आणि नायिकेचा ‘जड’ झालेला आवाज. हलक्याफुलक्या प्रेमकथेला इतका मळका चेहरा का, असा तुमचा सवाल आहे. यातली एक तक्रार सोळा आणे खरी आहे, एक निम्मी खरी आहे. बाकीच्या आम्हाला मान्य नाहीत, पण त्यांनाही उत्तर द्यायला हवं.

आधी आमची चूक. छतावरचं दृश्य १ तास १२ मिनिटं ४० सेकंदांनी काळोखात विरायला लागतं आणि पुढचे पंचवीसएक सेकंद आकाशाच्या जागी चौकोनी ठिगळं दिसतात. हा एन्कोडिंगचा, म्हणजे चित्र डिस्कवर मावण्यासाठी दाबून बसवण्याच्या कामातला दोष आहे. बिटरेट (दर सेकंदाच्या चित्राला मिळणारा डेटा) कमी-जास्त होणारा ठेवला की एन्कोडर अंधाऱ्या फ्रेममध्ये फारसा तपशील नाही असं धरून चालतो आणि तिथे हात आखडता घेतो. पण फिल्मवरच्या अंधारात ग्रेन (फिल्मचे बारीक कण) असतो, आणि चित्र हळूहळू काळं होत असताना छटांच्या पायऱ्या लपवायला तोच उपयोगी पडतो. तो गेला की १६ गुणिले १६ पिक्सेलचे ठोकळे उघडे पडतात. अशा जागी बिटरेट हाताने वाढवून द्यावा लागतो. इतर फेड-आउटना तो दिला होता, इथे राहिला. तुम्हाला स्वतः खात्री करायची असेल तर चित्र थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवा. ग्रेन प्रत्येक फ्रेमला जागा बदलतो, ठोकळे तिथेच ठाण मांडून बसतात. दुरुस्त डिस्क तयार आहे, ती कशी मिळवायची ते शेवटी लिहिलं आहे.

निम्मी खरी तक्रार स्टेशनवरच्या निरोपाची. तिथे पाचव्या रिळात निगेटिव्ह फाटलेलं होतं, म्हणून ११ सेकंदांचा तुकडा थिएटरमध्ये चालवलेल्या प्रिंटवरून घेतला. प्रिंट पडद्यावर दाखवण्यासाठी बनवलेली असते, त्यामुळे तिचा कॉन्ट्रास्ट मुळातच जास्त असतो. काळा कोट नुसता काळा डाग होतो, घड्या दिसत नाहीत. रंग शक्य तितके जुळवले, पण सावलीत जे प्रिंटवर उतरलंच नाही ते आणणार कुठून? तुकडा वापरण्यात चूक नव्हती. वेष्टनावर ‘मूळ निगेटिव्हवरून ४के स्कॅन’ एवढंच छापून हा अपवाद न सांगणं ही चूक होती. नव्या वेष्टनावर तो छापला आहे.

आता फोनचं दृश्य. पडद्याचे दोन भाग, डावीकडे तो, उजवीकडे ती. १९८० च्या दशकात हे काम संगणकावर होत नसे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या चित्रित करायच्या, मूळ निगेटिव्हवरून इंटरपॉझिटिव्ह (मधली पॉझिटिव्ह नक्कल) काढायची, ऑप्टिकल प्रिंटरवर (फिल्मवरून फिल्मवर चित्र उतरवणाऱ्या यंत्रावर) दोन्ही एकत्र करून नवं डुप्लिकेट निगेटिव्ह बनवायचं आणि ते चित्रपटाच्या निगेटिव्हमध्ये जोडायचं. म्हणजे तुम्ही पाहता ते नकलेची नक्कल असते. प्रत्येक पायरीला थोडी धार जाते आणि नव्या फिल्मचा ग्रेन जुन्यावर चढतो. डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत असतानाच त्यावर दुसरं उमटणं) आणि चित्रावर चढवलेली श्रेयनामावली याच वाटेने जातात. रोमँटिक कॉमेडीत तर गाठीभेटींची अख्खी मालिका डिझॉल्व्हवर चालते, त्यामुळे असे तुकडे मारधाडीच्या सिनेमापेक्षाही इथे जास्त सापडतील. डिस्कवर ओळखायची खूण अशी: डिझॉल्व्ह सुरू व्हायच्या क्षणभर आधीच चित्र किंचित खरखरीत होतं आणि रंग एक छटा सरकतो. जोड तिथे आहे.

मूळ कच्चे तुकडे हाती असते तर डिझॉल्व्ह नव्याने बांधता आले असते. ते उरलेले नाहीत. मग राहतो एकच उपाय, नॉइज रिडक्शनचा, म्हणजे ठिपके पुसणाऱ्या सॉफ्टवेअरचा बोळा फिरवायचा. फोनच्या दृश्यावर तो जोरात फिरवला की काय होतं ते सांगतो: तिच्या मागच्या भिंतीवरच्या कागदाची बारीक नक्षी पुसली जाते, केसांचे पुंजके होतात आणि गाल मेणाचे दिसतात. आम्ही आजूबाजूच्या दृश्यांशी रंग जुळवले, ग्रेनमधली तफावत थोडी कमी केली आणि थांबलो. पुन्हा करायची वेळ आली तरी एवढंच करू.

चेहऱ्यांवरच्या ठिपक्यांचं उत्तरही यातच आहे. ३५ मिमी फिल्मवर चित्र ग्रेनचंच बनलेलं असतं. ग्रेन काढला की त्याबरोबर त्वचेची पोतही जाते. जुन्या डीव्हीडीवर तो दिसत नव्हता, कारण ७२० गुणिले ५७६ पिक्सेलमध्ये तो मावतच नव्हता. ब्ल्यू-रेवर पिक्सेल पाचपट आहेत. ग्रेन जपायला जागाही लागते: १०४ मिनिटांच्या सिनेमाला सरासरी सेकंदाला ३२ मेगाबिटचा बिटरेट धरला तर नुसतं चित्रच सुमारे २५ जीबी भरतं, म्हणून आम्ही ५० जीबीची डिस्क घेतली. ग्रेन पुसून टाकला असता तर २५ जीबीच्या डिस्कमध्ये सगळं आरामात बसलं असतं, आणि आम्हाला स्वस्तही पडलं असतं.

नायिकेचे क्लोज-अप मऊ आहेत हेही तुम्ही नोंदवलंय. ते मुद्दाम तसे टिपलेले आहेत. तिच्या शॉटला लेन्सवर डिफ्यूजन फिल्टर (चित्र मऊ करणारी काच) आहे, त्याच्या शॉटला नाही. त्याच संभाषणात त्याच्या दाढीचे खुंट मोजता येतात, आणि तिच्या मागच्या दिव्याभोवती मात्र दुधी वलय दिसतं. डिस्क अंधुक असती तर दोघंही अंधुक दिसले असते.

लग्नाच्या दृश्यात चार-दोन पांढरे ठिपके राहिले आहेत, हेही खरं. धूळ काढणारं सॉफ्टवेअर एकाच फ्रेममध्ये दिसून नाहीशी होणारी वस्तू धूळ समजतं. उधळलेल्या पाकळ्या आणि पाऊस त्याला तसेच वाटतात. स्वयंचलित सफाईत अर्ध्या पाकळ्या हवेतच गायब होतात, म्हणून ती दोन दृश्यं हाताने साफ करावी लागली. शंका आली तिथे ठिपका राहू दिला.

काळ्या पट्ट्या: चित्रपट १.८५ च्या चौकटीसाठी रचलेला आहे. १९२० रुंदीला उंची १०३८ येते, म्हणजे वर २१ आणि खाली २१ ओळी काळ्या. जुन्या टेपवर वर-खाली जास्त दिसायचं, कारण थिएटरमध्ये झाकला जाणारा भागही तिथे उघडा होता. त्यात दोन ठिकाणी माइकही डोकावायचा. पट्ट्या अजिबात दिसत नसतील तर तुमच्या टीव्हीचं ओव्हरस्कॅन चालू आहे. तो कडा कापून चित्र ताणतो आणि तेवढ्याने ते मऊ पडतं.

वाढलेली चार मिनिटं म्हणजे नवीन दृश्यं नाहीत. जुनी डीव्हीडी पाल पद्धतीची होती, सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम. १०४ मिनिटं त्या वेगाने ९९ मिनिटं ५० सेकंदांत संपतात आणि आवाज सुमारे पाऊण अर्धस्वराने (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या पाऊणपट) चढतो. आता ऐकू येतो तो तिचा खरा आवाज.

टीव्हीवर एवढं तपासा. चित्राचा मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. ‘व्हिव्हिड’वर पांढरा रंग निळसर असतो, त्याची सवय झालेल्या डोळ्याला योग्य रंग पिवळट वाटतो. नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा, आणि प्लेअरमध्येही तीच सेटिंग्ज पाहा, कारण पुष्कळदा दोन्हीकडे चालू असतात. प्लेअरचं २४ फ्रेमचं आउटपुट चालू ठेवा. शार्पनेससाठी सुरुवातीच्या नावांवर चित्र थांबवा. अक्षरांच्या कडेला दुसरी पुसट रेघ दिसत असेल तर ती नाहीशी होईपर्यंत आकडा खाली आणा. वळवळणारा ग्रेन यानेच बराच शांत होतो, कारण शार्पनेस प्रत्येक कणाला किनार काढत असतो. काळा रंग राखाडी किंवा गच्च वाटला तर एचडीएमआयची रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची मर्यादा) प्लेअर आणि टीव्ही दोन्हीकडे सारखी करा.

बदली डिस्कसाठी डिस्क उलटी करून मधल्या छिद्राभोवतीच्या कड्यावर कोरलेला क्रमांक दिव्याखाली तिरपा धरून वाचा. शेवटी ०१ असेल तर ती चुकलेली खेप, ०२ असेल तर दुरुस्त. ०१ असल्यास कड्याचा फोटो आणि पत्ता आम्हाला खासगी संदेशात पाठवा. जुनी डिस्क परत करायची गरज नाही, पाठवण्याचा खर्चही आमचा. नवं वेष्टनही सोबत येईल.