वाचलंस, याचा पुरावा काय?

मुलांना वाचनाची गोडी लावायची म्हणताय? उत्तम. सगळ्यात आधी कपाटाला कुलूप लावा.

पुस्तक ही मोलाची वस्तू आहे हे पहिली-दुसरीतल्या पोरांना कुलपाइतकं चांगलं कोणीच शिकवू शकत नाही. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात, खणाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि मुख्याध्यापक केंद्राच्या बैठकीला. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच ‘पुस्तकं वापरण्यासाठी असतात’ असा आहे. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. शाळेतल्या प्रत्येक वस्तूची मोजदाद ठेवणाऱ्या डेडस्टॉक रजिस्टरशी त्यांचा फारसा संबंध आला नसावा. वापरलं की पुस्तकाचा कोपरा दुमडतो, शेवटची चार पानं गळतात आणि तपासणीला आलेले साहेब नेमकी तीच मोजतात. न वापरलेलं पुस्तक वीस वर्षांनीही कोरं करकरीत. माझ्या प्राथमिक शाळेतलं कपाट असंच निष्कलंक होतं. काचेतून दिसणाऱ्या अकरा पुस्तकांच्या पाठी मला अजून पाठ आहेत. पोटात काय होतं, देव जाणे.

वर्षातून एकदा मात्र कुलूप काढावंच लागतं. २०१५ पासून आपण १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. त्या दिवशी पुस्तकांवरची धूळ झटका, मुलांना मैदानात रांगेने बसवा आणि हाताला येईल ते पुस्तक वाटत सुटा. पहिलीतल्या पोराकडे शेळीपालनाची पुस्तिका गेली तरी बिघडत नाही, फक्त ती उलटी धरलेली नसावी, फोटोत दिसतं. फोटो काढा, गटावर टाका, लिंक भरा, पुस्तकं मोजून आत. ‘बाई, दोनच पानं राहिलीत’ असं कोणी म्हणालं तर त्याला पुढचा ऑक्टोबर दाखवा.

शाळेने एवढं केल्यावर उरलेलं काम पालकांचं. मूल पुस्तक मिटतं ना मिटतं तोच त्याला गाठा. लेखक कोण? तात्पर्य काय? पाच नवे शब्द सांग, वाक्यात उपयोग कर. गोष्ट माकडाने टोपी पळवल्याची असेल आणि पोरगं पोट धरून हसत असेल, तर हीच संधी: ‘हसतोस काय, यातून तू काय शिकलास ते सांग.’ हसू थांबतं. शिकणं सुरू झाल्याची ती खूण. तुम्ही रात्री मालिकेचे चार भाग बघून झोपायला जाता तेव्हा घरात कोणी तुमच्याकडे खलनायकाचं स्वभावचित्र दहा ओळींत मागत नाही, हे खरं. पण तुमचं वळण लागून झालंय.

पुस्तक निवडायचं काम मुलावर कधीही सोडू नका. त्याला सोडलंत तर ते चित्रांचं उचलेल, विनोदाचं उचलेल किंवा सातव्यांदा तेच. ‘हे वाचून झालंय ना तुझं?’ असं विचारून ते काढून घ्या आणि एखाद्या थोर पुरुषाचं चरित्र हाती द्या, शक्यतो बारीक टायपातलं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, ही बातमी घरात फुटू देऊ नका. फुकटात मिळालेल्या आनंदाची पावती मिळत नाही.

पावतीवरून आठवलं. किती पुस्तकं वाचली त्याचा तक्ता फ्रिजवर लावा, वीस झाली की सायकल. आमच्या सोसायटीत एकाने उन्हाळ्याच्या सुट्टीत बेचाळीस संपवली. सगळी सोळा पानी, मोठ्या टायपाची. पोरगं हिशेबाला पक्कं. सायकल आली. त्यानंतर त्याने पुस्तकाला हात लावलेला नाही, आणि का लावावा? व्यवहार पूर्ण झाला.

अगदीच हौस असेल तर भिलारला न्या. पाचगणीजवळचं हे पुस्तकांचं गाव २०१७ पासून तिथे आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली, कोणीही बसावं आणि वाचावं. पाटीखाली उभं करून मुलाचा फोटो घ्या. ते एखाद्या ओसरीवर मांडी घालून पुस्तकात शिरलं, तर दंडाला धरून उठवा. महाबळेश्वरचे पॉइंट राहिलेत, स्ट्रॉबेरी राहिलीय, आणि गाडीवाला ताटकळलाय.

एवढं सगळं नेमाने करूनही काही मुलं हाताबाहेर जातातच. ती भेळेचा कागद चाटूनपुसून वाचतात, एसटीच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचतात, मिक्सरसोबत आलेलं माहितीपत्रक वाचतात, आणि विचारलं तर काही वाचल्याचं कबूल करत नाहीत. यांची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही. ओळखायची खूण एकच: जेवायला हाक मारली की ऐकू येत नाही. तीनदा मारली तरी नाही. असं मूल दाराआड, उकिडवं, कशात तरी नाक खुपसून सापडलं तर चाहूल न देता जवळ जा आणि फोटो काढा. फ्लॅश लावून.